बिलात लाल, अंगणात निळी

"गुन्हेगार मला शोधत नाहीत, यातच माझी कीर्ती आली," असं डिटेक्टिव्ह रामनाथ स्वतःविषयी सांगत. कुणी विचारावं अशी अट नव्हती. तलासरी नाक्यावरच्या त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात सातबाऱ्याची कॉपी काढायला येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कॉपीबरोबर फुकट मिळे. 'नजर घारीची, चाल मांजराची, बुद्धी स्वतःची' असं त्यांनी कार्डावर छापलं होतं. कार्ड दुकानातल्याच मशीनवर निघालेलं, आणि टोनर संपत आल्यामुळे फोटोत फक्त त्यांची मिशी उमटली होती. गुप्तहेराची तेवढीच ओळख जगाला पुरे, असं त्यांचं मत होतं.

सोमीचं मत वेगळं होतं, पण ते कुणी छापलं नव्हतं. झरीची सोमी दुकानातलं मशीन चालवायची, लोकांचे अर्ज लिहायची, आणि रामनाथांना स्कूटर येत नसल्यामुळे स्कूटरही चालवायची. 'सहाय्यक' हे पद तिला एका सोमवारी न विचारताच मिळालं. त्यानंतरच्या चार केसेसमध्ये दोन शेळ्या आपापल्या पायांनी घरी आल्या, एक छत्री ज्याची त्याच्या काखेत सापडली, आणि चौथ्या केसमध्ये खुद्द रामनाथच काही वेळ हरवले होते.

मे २०१९ मध्ये वरोरहून योगिताचा फोन आला. डहाणूच्या सायकलवाल्या जतीनच्या काउंटरवर तिला ते मिशीचं कार्ड मिळालं होतं. रामनाथांनी फोन स्पीकरवर टाकला.

योगिताची गोष्ट साधी होती. चिंचणीला दागिन्यांचे साचे कोरण्याच्या कारखान्यात ती कामाला होती आणि रोज सायकलने जायची. सायकलच्या फ्रेमला जोडापाशी तडा गेला. फ्रेमवर कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी, ती संपायला चार दिवस उरलेले. कंपनीने क्लेम दोनदा परत पाठवला होता. तोवर योगिता पायी जात होती आणि रोज उशिरा पोचत होती. शेवटी मालकाने सांगून टाकलं, की जून उजाडल्यावर उशीर झाला तर खुर्चीत दुसरी बाई बसेल.

"किती वर्षांनी हात बसलाय माझा या कामात," योगिता म्हणाली. सोमीने मशीन बंद केलं.

"क्लेम परत का पाठवला?" रामनाथांनी विचारलं.

"एकदा बोलले, फोटोत फ्रेम नंबर दिसत नाय. सीटखाली बघितला, दांड्यावर बघितला, कुठेच नाय. आणि दुसऱ्यांदा बोलले, बिलात सायकल लाल लिवलीय आणि फोटोत निळी. आता निळी ती काका अशी, की दरसाल..."

"बस!" रामनाथ गरजले. "पुढचं मी ओळखलं!" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"सायेब, ती काहीतरी सांगत होती," सोमी म्हणाली.

"अशील नेहमी काहीतरी सांगतच असतो. त्याने तपासात अडथळा येतो. सोमी, सायकल बदलली गेली आहे! लाल नेली, निळी ठेवली. नंबर नाही, कारण नंबर घासून टाकलाय. हे काम टोळीचं."

दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवरून वरोरला पोचले. योगिता कामावर गेली होती. घरी तिची सासू बायजी दांडीवर बोंबील वाळत घालत होती. अंगणात ती सायकल उभी होती, गडद निळी, मधोमध पिवळा पट्टा. शेजारच्या अंगणात दुसरी निळी सायकल होती, पिवळ्या पट्ट्याची. पलीकडे तिसरी. पुढे वळणावर आणखी दोन.

रामनाथांनी सोमीचा दंड धरला. "टोळी नाही ही. हा अड्डा आहे! अख्ख्या गल्लीत चोरीचा माल, आणि खूण म्हणून पिवळा पट्टा."

"चोर खूण कशाला करंल? सापडायला?"

"समुद्रातून ओळखायला! सायकली होडीने परदेशी जातात. तो पट्टा दुर्बिणीतून दिसतो." मग त्यांनी हँडलचा वास घेतला आणि डोळे मिटले. "चोराने हँडल धरण्यापूर्वी मासे खाल्ले होते."

सोमीने आजूबाजूला बघितलं. चारही बाजूंना बोंबील होते. "सायेब, हिते मासे न खाणारा शोधा. तो लवकर सापडंल."

रामनाथांना हा मुद्दा विचार करण्याजोगा वाटला आणि त्यांनी तो वहीत टिपून घेतला. मग ते बायजीपुढे उभे राहिले. "आजी, खरं सांगा. ही सायकल तुमची नाही."

"मग काय तुमची हाय?" बायजीने बोंबील न सोडता विचारलं.

"मूळ सायकल लाल होती!"

"व्हती ना."

रामनाथ गोंधळले. संशयित इतक्या पटकन कबूल झाल्याचा अनुभव त्यांना नव्हता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. सोमीला तेवढी सवड पुरली.

"आये, मग निळी कशी झाली?"

"कशी म्हंजे? आमची पाच घरांची मिळून एक बोट. नारळी पौर्णिमेच्या आधी तिला निळा रंग देतो, वर पिवळा पट्टा. डब्यात उरतो तो सायकलींना. खारा वारा लोखंड खातो ना बाय, रंग नाय दिला तर दोन वर्षांत भुगा."

"दरसाल?"

"दरसाल. बोटीला एक हात, सायकलला एक हात."

सोमीने बोटांवर मोजलं. बायजीने दाखवलेल्या बिलावर सायकल मे २०१४ मधली, म्हणजे पाच नारळी पौर्णिमा आणि पाच हात रंग, तोही लाटांना दाद न देणारा. ती खाली बसली आणि सायकल आडवी केली. "आये, नंबर पायडलच्या खाली लोखंडात ठोकलेला असतो. तो याच्याखाली बुजला असंल का?"

"मग काढू की," बायजी म्हणाली. बोटीचा जुना रंग खरवडायची पत्री तिने वळचणीतून ओढून काढली आणि मासा खवलावा तशी ती सायकल खरवडू लागली. निळ्याखालून निळा निघाला, त्याखाली पुन्हा निळा.

"खोटा तळ!" रामनाथ पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी लाल दिसला, आणि त्या लालमध्ये ठोकलेले आकडे. सोमीने बिल हातात धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. सगळे जुळले. तिने बायजीला मिठीच मारली.

फोटो गेला, आणि दुसऱ्या दिवशी सोमी पुन्हा वरोरला आली तेव्हा कंपनीची बाई फोनवर आली. तिने हिंदीत विचारलं, की सायकलला बाहेरचा रंग दिला आहे, तर वॉरंटी कशी मिळणार? सोमी तयार होती. बायजीकडून नेलेल्या वॉरंटी कार्डाच्या मागची मुंगीएवढी अक्षरं तिने सकाळीच मशीनवर दुप्पट करून आणली होती. "मॅडम, कार्डावर लिवलंय की रंगावर वॉरंटी नाय. रंग दिला तर फ्रेमची जाते, असं कुठेच नाय लिवलं."

बायजीने फोन हिसकावून घेतला. "रंग मागतो कोण तुझ्याकडं? रंग आमच्याकडं डबाभर हाय! फ्रेम दे!"

तिकडे कीबोर्ड खडखडला. मग बाई म्हणाली, "क्लेम मंजूर."

महिना संपायच्या आत नवी फ्रेम जतीनच्या दुकानात आली. जूनच्या पहिल्या सोमवारी अशिलाचे आभार स्वीकारायला रामनाथ सकाळी साडेसातलाच चिंचणीच्या रस्त्यावर मधोमध उभे राहिले, फोटोसाठी मान किंचित तिरकी करून. योगिता घंटी वाजवत भरधाव आली.

"काका, बाजूला व्हा! आठ वाजतील!"

रामनाथांनी बाजूच्या कुंपणात उडी घेतली आणि कपडे झटकत बाहेर आले. "बघितलंस? तिला इतकं भरून आलं, की आभाराचा शब्दच फुटला नाही."

सोमीने हसू दाबलं आणि स्कूटर घरच्या वाटेला न लावता चिंचणीकडे घेतली. तिला बघायचंच होतं. कारखान्याची खिडकी उघडी होती. भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच कमी होते, आणि योगिता आपल्या खुर्चीत बसून डोळ्याला भिंग लावत होती.

"भिंग!" रामनाथ हरखले. "सोमी, या बाईत गुण आहेत. हिला आपल्याकडे सहाय्यक म्हणून घेऊन टाकू."

"नको सायेब," सोमी म्हणाली आणि स्कूटरला किक मारली. "तिला नोकरी हाय."