सकाळी आठची पोच

रोज सकाळी आठ वाजता माधवअण्णा मधल्या भिंतीवरून एक वही माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "बाई, सही."

वहीत त्यांच्या अक्षरात तारीख आणि एक वाक्य तयार असे : 'घरमालक स्वतःच्या घरात प्रत्यक्ष दिसले.' खाली मी सही करायची. मग ते ती कालच्या सहीशी ताडून पाहत.

"कालचा शेपटा लांब होता."

"अण्णा, हात कणकेचा आहे."

"असंल. पण शक येतो."

नवीन जालन्यात आमची घरं लागून होती. मी वाचनालयात नोकरीला, आणि अण्णा रेल्वेतून पार्सल क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी आष्टीला दिलेली. पोच घेतल्याशिवाय त्यांनी साधी आंब्याची करंडीही कधी कोणाच्या हाती सोडली नव्हती. अशा माणसाला नगरपालिकेनं कळवलं, की मालक स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत सूट मिळेल. भाडेकरू ठेवला किंवा घर बंद ठेवलं तर मिळणार नाही. गल्लीला आनंद झाला. अण्णांना सापळा दिसला.

"फुकट कोणी देत न्हाई, बाई. आधी देतेत, मंग पाळत ठेवतेत."

त्या दिवसापासून ते जगावर पाळत ठेवू लागले. पाहुण्यांच्या चपला ते आत उचलून ठेवत. आष्टीहून नातू परीक्षेला आला, तर त्याचा टॉवेल स्वयंपाकघरात वाळला. "बाहेर दुसरा टॉवेल दिसला की झाला भाडेकरू!" एकदा कांदेवाल्यानं सहज विचारलं, "काका, घरात किती माणसं? त्या हिशेबानं देतो." अण्णांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "तुला कोणी पाठवलं?" तो बिचारा पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

मुलीकडे ते जात, पण जेवून संध्याकाळच्या बसनं परत. ती म्हणे, "एक रात्र तर राहा ना, अण्णा." हे म्हणत, "सूट जाईल." माझ्यावरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. मला नगरपालिकेत कोणी नातेवाईक आहे का, हे त्यांनी तीनदा विचारलं होतं.

अशा सहा वह्या भरल्या. सातवी चालू असताना नगरपालिकेचा माणूस खरंच आला. अण्णांनी आधी त्याचं ओळखपत्र तपासलं, मग मला साक्षीला बोलावलं आणि सातही वह्या टेबलावर रचल्या.

"हे काय, काका?"

"पोच. रोजची. बराबर तपासा."

"पण ही मागितली कोणी? रेशनकार्ड दाखवा, बस्स."

त्यानं रेशनकार्ड पाहिलं, सूट कायम असल्याचं सांगितलं. उठता उठता गंमत म्हणून एक वही चाळली आणि मध्येच थांबला. मीही वाकून पाहिलं. उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते, त्या दिवसांची पानं होती. सहीच्या जागी अण्णांनीच लिहिलं होतं, 'बाई गावाला. मी आहे.' दुसऱ्या दिवशी, 'बाई गावाला. मी आहे.' असं अकरा दिवस.

त्या माणसानं वही मिटली. खिशातलं पेन काढून म्हणाला, "काका, आजच्या सहीखाली मीपण एक सही करू का?"

"करा. पण नाव पूर्ण लिहा," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, सुटले. पण आठला वही भिंतीवर आलीच.

"अण्णा, आता कशाला? कोणी मागत नाही म्हणाले ना ते."

अण्णा माझ्याकडे न पाहता भिंतीवरची माती नखानं कोरत राहिले.

"मागच्या गल्लीत ते पोस्टातले राहत होते, एकटे. तिसऱ्या दिवशी कळलं लोकायला. शेजारचे म्हणले, आम्हाला वाटलं गावाला गेल्ते." मग वही पुढे सरकवत म्हणाले, "पोच पाहिजे, बाई."

मी सही केली. त्या दिवशी त्यांनी ती कालच्या सहीशी ताडली नाही.

नंतर दोनेक वर्षांनी, थंडीत, एका सकाळी आठला भिंतीवर वही आली नाही. पाच मिनिटं मी वाट पाहिली. मग त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. एवढा संशयी माणूस, पण कडी लावत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. अण्णा खुर्चीत होते, अंगावर शाल. हात गार पडले होते. वही मांडीवर उघडी होती, पण त्या दिवसाची तारीख घातलेली नव्हती.

आष्टीला निरोप धाडला. मुलगी येईपर्यंत मी तिथंच बसून होते. मग टेबलावरचं पेन घेतलं, तारीख घातली आणि माझ्या अक्षरात लिहिलं, 'घरमालक स्वतःच्या घरात प्रत्यक्ष दिसले.'

खाली सही केली. शेपटा फार लांब गेला.