मीटरभर खण

निकमकाका तुमच्या घरी आले तर चहा पुढे करायची घाई करू नका. ते आधी तुमचे ड्रॉवर उघडून बघतील. टीव्हीखालचा, स्वयंपाकघरातला, पलंगाच्या पोटातला, अगदी ज्यात तुम्ही जुनी औषधं आणि लाइटबिलं कोंबलेली असतात तोसुद्धा. उघडतील, बंद करतील, पुन्हा उघडतील आणि कान लावून ऐकतील. आमच्याकडे त्यांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी हातात ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

"घाबरू नका ताई," ते म्हणाले, "आतलं मी बघत नाही. मी फक्त चाल बघतो."

मग टीव्हीखालच्या ड्रॉवरला दोन बोटांनी ओढून त्यांनी निकाल दिला, "हा लंगडतो." तेव्हापासून आमचे हे तो ड्रॉवर उघडताना उगीच अपराधी चेहरा करतात.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, पण ती येईपर्यंत उभं राहणं काकांना जमत नाही. ते जिन्याने वर जातात आणि वर पोचल्यावर काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा खाली येतात. खुर्ची दिली तर बसत नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहतात. "घाई नाही, पण उशीर झालाय," हे त्यांचं पालुपद. कशाला उशीर झालाय ते विचारायची सोय नाही, कारण तोवर ते निघून गेलेले असतात.

मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. समोर आलेला लोखंडी तुकडा व्हर्नियरच्या चिमट्यात धरून मोजायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी नापास करून बाजूला टाकायचा, हे काम. कारखाना सुटला, व्हर्नियर सुटला नाही. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका तो ठेवतात. एकदा त्यांनी काकूंच्या भाकरीची जाडी कडेला आणि मधे मोजून दाखवली. काकू चांदवडच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी परातीत पीठ आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, तुमच्या मापानं थापा आता." त्यानंतर भाकरी कोणी मोजली नाही.

माणसंही त्यांनी याच चिमट्यात धरली, आणि एकदा ते फार महागात पडलं. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. पुण्यात नोकरीला लागली आणि तिथेच जातीबाहेरच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. काका लग्नाला गेले नाहीत. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. लग्नानंतर ती तिचं सामान न्यायला आली तेव्हा म्हणाली, पुस्तकांचे खोके काही दिवस इथेच राहू द्या. तर हे म्हणाले, "या घरात तुझं काही ठेवायला जागा नाही." मी खालून ऐकलं. सगळ्या मजल्यांनी ऐकलं. तिने त्याच दुपारी खोके टेम्पोत घातले. पुढे काही वर्षं ती फक्त आईला फोन करायची, आणि फोन चालू असेपर्यंत काका हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे. मला ते आमच्या छतावरून कळायचं. चांगली माणसं असा मूर्खपणा करतात तेव्हा माझा फार संताप होतो, आणि तो मी काकूंकडे बोलूनही दाखवला होता.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की अश्विनीला दिवस गेलेत. दिवाळीच्या सुमाराला बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कोणी कोणाला सांगायला लागत नाही. पण या घरात ते उच्चारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. काकूंनी चाचरत एवढंच विचारलं की ओटी भरून घ्यायला तरी येशील का. ती म्हणाली, येईन, दोन तास. जेवून लगेच परत.

दोन तास तर दोन तास. काकूंनी डोळे पुसले आणि त्याच भरात स्वयंपाकघरातून आवाज दिला, "अहो, अश्विनीसाठी चांगला खण आणायला हवा!"

इथे एक सांगायला हवं. काका ड्रॉवरला ड्रॉवर म्हणत नाहीत, खण म्हणतात. बायकांच्या ओटीत घालायच्या चोळीच्या कापडालाही खणच म्हणतात, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, पण त्यांच्या डोक्यात काही ते शिरलेलं नव्हतं.

"केवढा?" हॉलमधून प्रश्न गेला.

"केवढा काय, मीटरभर घ्या. तोकडा नको."

"मीटरभर? एकच खण?"

"एकच लागतो. हिरवा बघा. आणि काठ चांगला रुंद पाहिजे."

"रुंद म्हणजे किती?"

"दोन बोटं तरी. येवल्याकडचा मिळाला तर लय छान."

"येवल्याला कशाला जायचं? इथे आपल्या द्वारका चौकात मिळतं सगळं," असं म्हणून काकांनी चपला घातल्या.

संध्याकाळी टेम्पोतून सागाच्या फळ्या आल्या. मी आणि काकू जिन्यात उभ्या होतो. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय?"

"तूच म्हणालीस ना, मीटरभर खण."

काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मीही हसले, टेम्पोवालाही हसला. काका हसले नाहीत. फळीवरून हात फिरवत म्हणाले, "आता आल्यात तर परत द्यायच्या नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत कपाट लागतंच."

बाळंतिणीच्या! दोन तास जेवायला येणाऱ्या मुलीला हे परस्पर बाळंतीण करून मोकळे झाले होते. काकूंचं हसू ओसरलं. या माणसाला पोरगी माहेरी राहायला हवी होती, आणि ते तोंडाने म्हणवत नव्हतं म्हणून तो करवत हातात घेत होता. काकूंना ते कळलं आणि मलाही कळलं. कळलं नाही असं फक्त त्यांनाच वाटत होतं.

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. सुतार बोलवायचा नाही, हे आधीच ठरलं. लोकांचे ड्रॉवर उघडून बघायची खोड तेव्हाच लागली. दुपारी माझा जरा डोळा लागला की वर रंधा सुरू. भुसा माझ्या तुळशीत, कुरडयांत, एकदा तर आमटीत. मी वर जाऊन भांडले. काका म्हणाले, "कुठल्या वेळेला आवाज चालेल ते सांगा."

"कुठल्याच वेळेला चालणार नाही."

"मग आत्ताच करून टाकतो," म्हणून त्यांनी रंधा उचलला.

माझी भाची तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे आली होती. काकांना सुगावा लागला. खाली येऊन उभ्या उभ्याच विचारलं, "झबल्याची घडी केवढी होते?" मी एक झबलं दिलं. त्यांनी घडी व्हर्नियरमध्ये धरली. कापड दबायचं आणि दर वेळी माप वेगळं यायचं. "हे नापास आहे," ते वैतागून म्हणाले, पण मोजत राहिले. झबल्यानंतर टोपरं, लंगोट, दुपटं, तिटेची डबी, खुळखुळा, बाळगुटीची सहाण. ज्याचं त्याचं माप आणि ज्याला त्याला वेगळा खण. भाचीने मला आत नेऊन विचारलं, "मावशी, हे बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे नाहीत, पण आजोबा होणार आहेत.

असे वर बावीस लहान खण, आणि सगळ्यांत खाली तो. मीटरभर रुंद आणि त्याला दोन बोटं हिरवा काठ! येणारे-जाणारे विचारायचे, हा एवढा कशाला? काका म्हणायचे, "मागणी आली की माल द्यायचा. प्रश्न विचारायचे नाहीत."

एकच गोष्ट मी त्यांना सांगून बघितली. आमच्या देवघराचं दार दर पावसाळ्यात फुगून अडकतं. म्हटलं, "काका, खणांना थोडी फट ठेवा हो. लाकूड आहे ते, लोखंड नाही."

"फट ठेवायची म्हणजे चूक आधीच मान्य करायची," काका म्हणाले. "आपल्याला नाही जमायचं."

पाऊस लागायच्या आधी कपाट तूर्त हॉलमध्येच उभं राहिलं, आणि खोटं कशाला बोलू, देखणं झालं होतं. बोट लावलं की खण आवाज न करता बाहेर यायचा. एक आत लोटला की कोंडलेल्या हवेने शेजारचा आपोआप किंचित पुढे सरकायचा, इतकं घट्ट माप. काका हे ज्याला त्याला दाखवायचे. मी एकदा कपाटावर चहाचा कप टेकवला तर केवढ्याने ओरडले, "ताई, टपरी आहे का ती!" आणि रुमालाने तेवढी जागा पुसत राहिले.

श्रावणात ओटीचा दिवस ठरला. काकूंनी येवल्याचा हिरवागार खण आणला, कापडाचा. काकांनी तो हट्टाने खालच्या मोठ्या खणात ठेवायला लावला. "खणात खण," म्हणून स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. त्यानंतर आठवडाभर पाऊस हटला नाही. खिडक्या, दारं, मीठ, पापड, सगळ्यांनी पाणी धरलं. कपाटाकडे कोणी बघितलं नाही. मुलगी येणार म्हणून काका पडदे बदलत होते.

अश्विनी आली. सोबत तिचा नवरा निखिल, शांत मुलगा. काका दारापर्यंत गेले, परत आत आले, पंखा लावला, बंद केला. निखिलला म्हणाले, "पार्किंग मिळालं का?" आणि उत्तर न ऐकता पाणी आणायला गेले. अश्विनी "पप्पा" म्हणून नमस्काराला वाकायला लागली तर "असू दे, असू दे, वाकू नको," म्हणत मागे सरले ते कपाटालाच टेकले. जेवणं होईपर्यंत बापलेकीत दुसरा शब्द नाही. काकू वाढताना एकदा हिच्याकडे बघायच्या, एकदा त्यांच्याकडे.

जेवणानंतर आम्ही पाच जणी जमलो. अश्विनी पदर पसरून पाटावर बसली. तबकात गहू, नारळ, फळं तयार होती. काकू म्हणाल्या, "अहो, खण द्या तेवढा."

काकांनी ऐटीत दोन बोटांनी ओढला. खण हलला नाही. एका हाताने ओढला, दोन्ही हातांनी ओढला. कडेला मेणबत्ती घासून बघितली. उकिडवे बसून, तळव्यांनी ठोकून, शेवटी पाय लावून ओढला. वरचे लहान खण बघितले तर तेही तसेच. बावीसच्या बावीस गच्च. काकांच्या कपाळावर घाम आला.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या, "गोदरेजच्या कपाटात खणांचा ढीग पडलाय. त्यातला घेते एक."

"दुसरा नाय. हाच," काका म्हणाले.

अश्विनीने घड्याळाकडे बघितलं. "पप्पा, खरंच राहू द्या. उजेड आहे तोवर चंदनापुरी घाट ओलांडायचाय आम्हाला."

परतीच्या घाटाचं नाव निघालं आणि काका उठले. आत जाऊन पटाशी आणि हातोडी घेऊन आले. ते काय करताहेत हे कळायच्या आत त्यांनी पटाशी हिरव्या काठावर टेकवली आणि घाव घातला. दुसरा घातला, तिसरा घातला. सगळा उन्हाळा ज्याच्यावर एक ओरखडा येऊ दिला नाही, तो सागाचा दर्शनी भाग उभा चिरला. त्यांनी हात आत घालून खण काढला, त्याच्यावरची ढलपी झटकली आणि काकूंच्या हातात दिला. "घ्या, भरा ओटी," म्हणाले.

ओटी भरली.

अश्विनी ओटी सावरत उठली आणि कपाटाशी गेली. एक खण ओढला, दुसरा ओढला. "हे एवढे कशाला, पप्पा?"

एरवी कोणाला बोलू न देणारे काका खाली पडलेल्या ढलप्या वेचायला लागले. मग मला राहवेना. "तुझ्या बाळाचे आहेत ते," मी म्हटलं. "झबल्याचा वेगळा, टोपऱ्याचा वेगळा, सहाणेचा वेगळा. व्हर्नियरने मोजलंय एकेक."

तिने त्या लाकडावरून हात फिरवला. मग विचारलं, "उघडत का नाहीत?"

"लाकूड फुगलं," काका खाली बघत म्हणाले. "मी फट ठेवली नाही. माझं चुकलं."

त्या घरात हे शब्द मी तरी पहिल्यांदा ऐकले. काकूंनी हातातलं तबक हळूच खाली ठेवलं.

"मग कधी उघडतील?"

"पाऊस गेला की. दसऱ्यापर्यंत हवा कोरडी होईल. दसऱ्याला ये, म्हणजे..." इथे काकांचा आवाज फाटला. रागावले की काका सटाण्याच्या बोलीत जातात, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. त्या दिवशी रागावलेले नव्हते. "पण दसरानी वाट कसाले दखस, बेटा? आज ऱ्हाय ना तू. मी समदा खण तोडी टाकसु." आणि खरंच पटाशी उचलायला वाकले.

अश्विनीने त्यांचा हात पटाशीसकट धरला. तिचे डोळे भरले होते, माझेही भरले होते, आणि निखिल खिडकीबाहेर बघत होता.

"तोडू नका, पप्पा," ती म्हणाली. "मी थांबते."

आज रात्रीपुरती की दसऱ्यापर्यंत, ते कोणी विचारलं नाही. निखिलने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली, आणि काकू आतल्या खोलीत गादी घालायला गेल्या.