पंख मोडण्याचा उन्हाळी अभ्यासक्रम

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. आधी जंगल आलं की आधी विद्यापीठ, यावर त्याच विद्यापीठात तीन दिवसांचं चर्चासत्र झालं होतं. निष्कर्ष निघाला नाही. जेवण मात्र चांगलं होतं, असं जाऊन आलेले सगळे सांगतात.

मुलांनो, विद्यापीठ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर मन खट्टू करून घेऊ नका. आपल्याला जे येतं ते आपल्याला येतं, असं शिक्का मारून लिहून देणारी ती जागा असते. एवढं कळलं तरी ही गोष्ट ऐकायला पुरे.

तर त्या जंगलाच्या कडेला एक माळ होता. दगडगोटे आणि वाळलेलं कुसळी गवत, बाकी काही नाही. तिथे सगुणा टिटवी आणि तिचा नवरा केरबा राहत. घर म्हणाल, तर जमिनीत तळहाताएवढा खळगा आणि भोवती मांडलेले खडे. खळग्यात चार अंडी. अंड्यांचा रंग इतका दगडासारखा, की केरबा स्वतः कधीकधी शेजारच्या गोट्यावर जाऊन बसायचा. मग सगुणा त्याला उठवून जागेवर बसवायची.

माळावरचं ऊन फार वाईट. अंडी उबवायची राहिली बाजूला, ती शिजू नयेत हीच काळजी. म्हणून टिटव्या तळ्यावर जातात, पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसतात. एक बसतो, तोवर दुसरा पाण्यावर जातो. सगुणा आणि केरबा दिवसभर हेच करायचे आणि त्यातच त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

आता सगुणाच्या कलेविषयी सांगतो. कोल्हा, मुंगूस, असं कोणी अंड्यांच्या दिशेनं यायला लागलं, की सगुणा पळत दूर जायची आणि एक पंख जमिनीवर टाकून द्यायची. मोडल्यासारखा. मग तो पंख फरफटत, विव्हळत, अडखळत चालायला लागायची. येणाऱ्याला वाटायचं, चला, आयतं जेवण. तो तिच्या मागे लागायचा. ती त्याला ओढ्यापलीकडे न्यायची आणि तिथून भुर्रकन उडून यायची.

टिटव्यांच्या घरात या प्रकाराला नाव नव्हतं. "जरा तिकडं जाऊन येते," एवढंच म्हणायच्या. सगुणाला तिच्या आईनं त्यातल्या दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. आवाज आधी काढायचा, पंख मागून टाकायचा. आणि काही झालं तरी अंड्यांकडे बघायचं नाही. का, ते आईनं सांगितलं नाही. आयांना कारणं सांगायला वेळ नसतो.

सात उन्हाळे सगुणा तिकडं जाऊन येत होती. एक अंडं कधी गेलं नाही. पण तिच्या मनाला एक गोष्ट सलत होती. मोर नाचला की जंगल गोळा व्हायचं. कोकीळ गायला की माना डोलायच्या. आणि तिनं एवढा सुरेख पंख मोडला, तरी बघणारा शिव्या घालत परत जायचा. कोणी कधी "वा" म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कसं? बघणाऱ्याला ती कला आहे हे कळतच नव्हतं.

"सात वर्षं झाली," एके दिवशी ती केरबाला म्हणाली. "एक टाळी नाही."

"अंडी कधी गेली का?" केरबानं विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," असं म्हणून सगुणा पोट भिजवायला गेली.

त्याच चैत्रात विद्यापीठाची जाहिरात आली. उन्हाळी ऑनलाइन अभ्यासक्रम. नाच, गाणं, अभिनय, जे हवं ते घरबसल्या शिका. मुदत तीन आठवडे. शेवटी प्रमाणपत्र. टिटवीकडे फोन कुठून आला, असं तुमच्यातला कोणीतरी शहाणा विचारीलच. सहलीला आलेली माणसं माळावर बरंच काही विसरून जातात, त्यात तो होता.

अर्जात 'कलाप्रकार' असा रकाना होता. सगुणा त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबली. 'तिकडं जाणं' असं कसं लिहिणार? शेवटी तिनं लिहिलं, 'अभिनय. पंख मोडल्याचं सोंग.' आजवरच्या टिटव्यांमध्ये ही गोष्ट लिहून देणारी ती पहिलीच. लिहिल्यावर तिला फार बरं वाटलं. पुढे 'झालेले प्रयोग' या रकान्यात तिनं 'अंदाजे दोनशे' लिहिलं आणि 'प्रेक्षकांचा प्रतिसाद' या रकान्यात 'पाठलाग'.

केरबानं अंड्यांवर बसल्या बसल्या मान लांब करून अर्ज वाचला.

"अगं, ही काय लिहून द्यायची गोष्ट आहे? कोल्ह्यांना कळलं म्हणजे?"

"कोल्हे कशाला येतायत अभिनय शिकायला?"

हे मात्र तिचं बरोबर निघालं. अभिनयाच्या वर्गात शेवटपर्यंत एकही कोल्हा नव्हता.

वर्ग भर दुपारी असायचा. माळावर रेंज फक्त एका वारुळाच्या टोकावर यायची, म्हणून सगुणा तिथे जाऊन बसायची. केरबाला पाण्यावर जायला सुट्टी मिळेना. तो अंड्यांवर पंख पसरून, चोच उघडी टाकून उन्हात उभा राहायचा आणि वारुळाकडे बघत राहायचा. तक्रार त्यानं एकदाही केली नाही.

शिकवायला प्राध्यापक वटवाघूळ होते. पहिल्या दिवशी ते पडद्यावर उलटे दिसले. विद्यार्थ्यांनी फोन फिरवून पाहिले, तर सर सुलटे आणि नाव उलटं. तेव्हा विद्यापीठानं सूचना काढली, की फोनमध्ये बिघाड नाही, सर तसेच आहेत. दुसऱ्या दिवसापासून निम्मा वर्ग फांदीला लोंबकळून शिकायला लागला. सरांनी 'पडण्याचा अभिनय' या विषयावर मोठा प्रबंध लिहिला होता. ते स्वतः जन्मात कधी पडले नव्हते, पण संदर्भ भरपूर होते.

सगुणानं वारुळाखाली उतरून पंख टाकून दाखवला. सरांनी डोळे मिटून पाहिलं.

"टिटवीताई, पंख उत्तम. पण तुमची नजर कुठं आहे?"

"समोर, सर."

"हे पात्र कशासाठी तडफडतंय?"

"अंड्यांसाठी."

"मग अंड्यांकडे बघायला नको का? प्रेक्षकाला कळायचं कसं?"

"त्याला कळू नये म्हणूनच तर, सर..."

"प्रेक्षकापासून लपवायचं ही झाली फसवणूक," सर म्हणाले. "आपण कला शिकतोय. मनात जे आहे ते नजरेत आलं पाहिजे. पुन्हा करा."

सगुणाला आई आठवली. पण आईकडे प्रबंध नव्हता. आणि खरं सांगायचं, तर तिच्या पंखाविषयी सलग पाच मिनिटं कोणी बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं पुन्हा पंख टाकला, विव्हळली आणि मान वळवून खळग्याकडे पाहिलं.

"आता कसं!" सर म्हणाले.

मग तिनं तो सरावच धरला. येता-जाता पंख टाकायची आणि मान वळवायची. तिसऱ्या आठवड्यात तर अशी सवय लागली, की न ठरवता मान वळायला लागली.

शेवटी परीक्षा. प्रत्येकानं आपल्या कलेचा व्हिडिओ पाठवायचा. सगुणानं फोन दगडाला टेकवून ठेवला आणि जीव ओतून पंख मोडला. गुण देणार होते रसग्रहणाचे विद्यार्थी. हाही त्याच विद्यापीठाचा उन्हाळी अभ्यासक्रम होता. स्वतःला काही करता येत नाही, पण दुसऱ्यानं केलेलं समजून घ्यायची हौस आहे, अशांसाठी काढलेला. त्याला सगळ्यात जास्त गर्दी होती.

चार परीक्षकांचे अभिप्राय आले. नावं गुप्त होती, नुसते क्रमांक. पहिल्यानं लिहिलं होतं, 'छान.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'खूपच छान.' तिसऱ्यानं 'माझं गाणं पण ऐका' असं लिहिलं होतं. चौथ्यानं मात्र पानभर लिहिलं होतं. सगुणा ते घेऊन पळतच केरबाकडे आली.

"ऐका हो, ऐका. 'हा पंख मी पूर्वी अनेकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. तो खराच मोडला आहे असं समजून मी ओढ्यापर्यंत धावलोही आहे. हा अभिनय होता हे आज कळलं आणि मी थक्क झालो.' ऐकलंत?"

"ऐकलं," केरबा म्हणाला.

"पुढे ऐका. 'कलावतीची नजर तीन वेळा डावीकडच्या दोन पांढऱ्या दगडांमध्ये जाते. तिथे तिचं सर्वस्व असावं असं जाणवतं. हे ठिकाण प्रत्यक्ष पाहण्याची उत्कंठा लागली आहे. दहापैकी दहा.'"

केरबानं आजूबाजूला पाहिलं. तो दोन पांढऱ्या दगडांच्या मध्ये बसला होता.

"सगुणा, आपण हलू या का?"

"अंडी उचलून? वेड लागलंय का तुम्हाला?"

तेही खरंच होतं. अंडी हलवता येत नाहीत. आणि आता तर आतून टकटक ऐकू यायला लागली होती. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती. केरबा अंड्यांना कान लावून बसला आणि सगुणा तो अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतराव कोल्हे आले. माळापलीकडच्या झुडपात राहणारे, तसे शेजारीच. सगुणा नेहमीसारखी पळत दूर गेली. आधी आवाज, मग पंख. पंख फरफटत ती ओढ्याच्या दिशेनं निघाली.

दौलतराव मागे आले नाहीत. ते होते तिथेच खाली बसले, शेपटी नीट पायांभोवती घेतली आणि म्हणाले, "चालू द्या वहिनी. इथून व्यवस्थित दिसतंय."

असा बसून बघणारा सगुणाला आजवर भेटला नव्हता. पण आता दुसरं काय करणार? ती आणखी कळवळून विव्हळली. धुळीत लोळली. चोच आपटली. सात उन्हाळ्यांत केला नव्हता असा पंख तिनं त्या दिवशी मोडला, कारण आतमध्ये खरोखरच काहीतरी मोडत होतं. आणि सवयीनं तिची मान वळली.

"हं," दौलतरावांनी मान डोलावली. "ही नजर. व्हिडिओपेक्षा समोर बघण्यात मजा वेगळीच आहे."

सगळं संपल्यावर त्यांनी पुढचे दोन्ही पंजे एकमेकांवर आपटले. टाळीच ती. मुलांनो, मी खोटं सांगणार नाही. ती टाळी ऐकून पापणी लवण्याइतका वेळ सगुणा सुखावली. त्या सुखाबद्दल तिनं पुढे स्वतःला कधी क्षमा केली नाही.

मग दौलतराव उठले आणि सरळ दोन पांढऱ्या दगडांकडे चालू लागले.

"पंख सोड, वर ये!" केरबा ओरडला. दोघंही उडाली. कर्कश ओरडत दौलतरावांच्या डोक्यावर झेपा घेऊ लागली, चोची मारू लागली, रक्त येईपर्यंत. दौलतरावांनी डोळे मिचकावत वर पाहिलं.

"हा भाग व्हिडिओत नव्हता," ते म्हणाले. "पण ठेवा. परिणाम होतो."

चार अंडी संपायला फार वेळ लागत नाही. त्यांनी तोंड पुसलं, सगुणाला नमस्कार केला आणि ते झुडपात निघून गेले. त्यांच्या मनात तिच्याविषयी खरोखरच फार आदर होता.

सगुणा टरफलांपाशी बसून रडायला लागली. आवाज ऐकून आसपासचे रसग्रहणाचे विद्यार्थी जमले. मुंगूस आलं, दोन घोरपडी आल्या, एक साळिंदर आलं. ते अर्धवर्तुळ करून शांतपणे बसले. सगुणाचा आवाज चिरकला, तेव्हा घोरपडीनं मुंगसाला हळूच सांगितलं, "इथे ती थोडी जास्त करते." मुंगूस म्हणालं, "पण नजर बघा ना, कुठंच नाही. हे सरांनी शिकवलेलं नाही." शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चर्चा करत घरी गेले.

आठवड्यानं प्रमाणपत्र आलं. प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्य. विद्यापीठानं पुढच्या उन्हाळ्याच्या जाहिरातीत सगुणाचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'आमच्या विद्यार्थिनीच्या घरापर्यंत रसिक चालत येतात.'

सगुणानं ते प्रमाणपत्र खळग्यावर टाकलं, खळगा दिसू नये म्हणून. केरबा तळ्यावर गेला. पोट भिजवून आला. प्रमाणपत्र चोचीनं बाजूला केलं आणि रिकाम्या जागेवर पंख पसरून, सावली धरून बसला. सगुणानं त्याला उठवलं नाही.

तात्पर्य : कला कधी लपवून ठेवू नये. ती लोकांपुढे आली, की खरा रसिक आपलं घर शोधत येतोच, आणि तो उपाशी परत जात नाही.