सोमवारचं शून्य

माझ्या मागघराच्या भिंतीवर गुंजीकर सरांच्या उजव्या पंजाचा डाग आहे. पाची बोटं स्पष्ट दिसतात. दोनदा चुना दिला, तरी डाग परत आला, कारण सर परत आले. निपाणीच्या बसमधून उतरायचं, चालत खासबागेत यायचं, पिशवी पायरीवर ठेवायची आणि भिंतीला हात लावून, डोळे मिटून उभं राहायचं. वैद्य नाडी बघतो तसं. अकरा वर्षं हे चाललंय.

माझे दोन यंत्रमाग मल्लाप्पा चालवतो. पहिल्या वर्षी तो घाबरला होता. "आक्का, भिंतीला ताप आलाय काय?" म्हणाला.

"भिंतीला न्हाय," मी म्हटलं, "सरांस्नी."

सर माझे भाडेकरू. माडीवरच्या खोलीत राहतात. निपाणीला एका कॉलेजात गणित शिकवतात. मूळचे खानापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. लग्न केलेलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं. "समजा केलं असतं," असं म्हणाले आणि पुढं बोललेच नाहीत.

'समजा' म्हटल्याशिवाय त्यांचं गाडं हलतच नाही.

"आक्का, समजा आज दूध आलं न्हाय."

"समजा कशाला? न्हायच आलं."

"तेच. आता समजा मी तुमच्याकडं चहा मागितला."

माझे गुडघे दुखतात. माडी चढायची मी कधीच सोडून दिली, काही सांगायचं असलं तर खालून हाक मारते. अशा बाईला माणसानं चहा तरी सरळ मागावा.

एकदा सर पावसात बसच्या काचेवरचे दोन वायपर बघत बसले. दोन्ही कधी बरोबर फिरतात, कधी मागंपुढं होतात, ते का, याचा विचार चालला होता. त्या नादात निपाणी मागं गेली. कंडक्टरनं कोगनोळीच्या नाक्यावर उतरवलं. तिथून प्राचार्यांना फोन. "सर, समजा मी आत्ता कोगनोळीत आहे." प्राचार्य म्हणाले, "समजू कशाला? आहातच की!" ही गोष्ट सरांनीच मला सांगितली. वर म्हणाले, "प्राचार्यांचा मुद्दा बरोबर होता."

आता मागाचं सांगते. दोन माग शेजारी शेजारी लावले की थोड्या वेळानं त्यांचा आवाज एक होतो. दोन्हींचा ठोका एकदम पडतो. काही वेळ तसेच चालतात, मग सुटतात, मग परत जुळतात. खासबागेतल्या मागवाल्या घरांत हे पोराबाळांनाही ठाऊक आहे. या आवाजात आम्ही पोरं निजवली. सरांना ते चाळिशी उलटल्यावर कळलं आणि त्यांची झोप उडाली. ते का जुळतात? का सुटतात? जमिनीतून एकाचा हादरा दुसऱ्याला किती पोचतो? एवढ्यासाठी त्यांनी वह्यांच्या वह्या भरल्या. मी विचारलं, "ह्यानं कापड जास्त निघतंय काय?" म्हणाले, "न्हाय." मग मी परत विचारलं नाही.

ते सगळं लिहून त्यांनी परदेशातल्या एका गणिताच्या मासिकाला पाठवलं. तिथली रीत वेगळी. संपादक ते लिखाण दोन जाणकारांना वाचायला देतो. त्यांची नावं लिहिणाऱ्याला कळू देत नाहीत. ते दोघं चुका काढतात, शंका विचारतात. सगळ्याला उत्तर दिलं, त्यांचं समाधान झालं, तरच छापतात.

सरांचा पहिला वाचक भला माणूस होता. "चांगलं आहे" अशा दोन ओळी लिहून मोकळा झाला. दुसऱ्यानं पाच पानं शंका पाठवल्या. सर त्याला 'दुसरा' म्हणतात. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, बाई का बाप्या तेही ठाऊक नाही.

"बाईच असणार," मी म्हटलं. "बाप्याला एवढं बारीक दिसत न्हाय."

सर हसले. "कशावरून, आक्का? समजा दुसऱ्यानं विचारलं, तर काय पुरावा द्याल?"

असा तो दुसरा आमच्या घरात शिरला. भाजी खारट झाली तर सर म्हणत, "साहजिक आहे, मीठ दोनदा पडलं." लगेच स्वतःच, "दुसरा विचारेल, साहजिक कशावरून?" पुढं पुढं मलाही सवय लागली. भाजीवाली म्हणाली, "आक्का, पावसानं भाव चढले," तर माझ्या तोंडून गेलं, "पावसानंच, हे कशावरून?" ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दुसऱ्याचं पत्र मोबाइलवर यायचं. पण सर ते तिथं वाचायचे नाहीत. आधी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचे. मग दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे, खोलीतली खुर्ची दाराच्या उजेडात ओढायचे आणि मग वाचायला बसायचे. एरवी हा माणूस चार चार दिवस दाढी करत नाही. कॉलेजातल्या मुलांसमोर सुरकुतलेला सदरा चालतो. दुसऱ्यासमोर चालत नाही.

तीन वेळा लिखाण गेलं, तीन वेळा दुसऱ्याच्या शंका आल्या. यात चार वर्षं गेली. कॉलेजातले लोक विचारायचे, "सर, आलं काय छापून?" आधी चौकशी म्हणून विचारायचे, नंतर गंमत म्हणून. सरांची नोकरी संपत आली होती. जायच्या आधी एकदा त्या मासिकात नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं. तोंडानं बोलले नाहीत, पण अकरा वर्षं भिंतीला हात लावणारा माणूस दुसरं काय मागणार?

तिसऱ्या खेपेला दुसऱ्यानं मोठा पेच टाकला. सरांनी मागांना कसलंसं यंत्र लावून मोजणी केली होती. दुसऱ्याचं म्हणणं, यंत्र तुमचं, हिशेबही तुमचाच. तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या कानालाही माग तेव्हाच जुळलेले वाटतात का?

सर खाली आले. "आक्का, समजा तुम्ही मोजलं."

"माझी शाळा चौथीपर्यंत."

"कान तर साठ वर्षांचा हाय मागातला."

मग एक आठवडा मी रोज दुपारी चार ते पाच दोन्ही मागांच्या मध्ये पाटावर बसले. हातात शाळेची वही. ठोका जुळला की एक रेघ. मल्लाप्पा म्हणाला, "आक्का, परीक्षा हाय काय?" त्याला गप्प बसवलं, रेघ चुकली असती. सोमवारी एका मागाचा पट्टा तुटला. एकच माग चालू. तो कुणाशी जुळणार? मी उठायला लागले, तर सर म्हणाले, "न्हाय आक्का, बसा. शून्य आलं तर शून्य लिहायचं." मी तासभर एका मागाचा आवाज ऐकत बसले आणि सोमवारपुढं शून्य काढलं. एवढा लांब तास मी अलीकडं काढलेला नाही.

महिन्याभरानं सरांनी नवं लिखाण छापून आणलं आणि मला दाखवायला घेऊन आले. संपादकानं या वेळी बजावलं होतं, ही शेवटची खेप. आता दुसऱ्याचं समाधान झालं तर छापू, नाहीतर लिखाण परत.

"हे बघा तुमचे आकडे," सरांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं.

इंग्रजी मला येत नाही. आकडे येतात. मी ओळी मोजल्या. सहा.

"सर, मी सात दिवस बसलेली."

"सोमवारी एकच माग चालू होता. तो दिवस धरायचा नसतो."

"धरायचा न्हाय, तर तसं खाली लिवलंय काय?"

सरांनी तक्त्यावरचं बोट काढून घेतलं.

"इसरलासा?"

"न्हाय."

"मग?"

ते भिंतीकडं गेले. हात डागावर ठेवला. माग बंद होते, तरी ठेवला. "दुसरा विचारेल," ते म्हणाले. "आठवड्यात सहाच दिवस कसे? सोमवारी काय झालं? त्याला असलं बरोबर दिसतं."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग विचारलं, "मागच्या खेपंलाबी असंच केलंतासा?"

"एक पायरी गाळलीती. त्याच्या आधीच्या खेपंला एका आकृतीवर माप लिहिलं न्हवतं. मोठी चूक न्हाय, आक्का. त्याला लिहावं लागंल, एवढीच."

माझी धाकटी नणंद माहेरी आली की दर खेपेला काहीतरी विसरून जायची. कधी लुगडं, कधी तेलाची बाटली. चार दिवसांनी न्यायला परत हजर. सासूबाई म्हणायच्या, पोरगी विसराळू आहे. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, पण मी बोलले नव्हते. सरांना मात्र बोलले.

"अकरा वर्षं माझी भिंत घाण केलीस," मी म्हटलं. राग आला की माझं 'तुमी' सुटतं. "आता शेवटच्या घटकंला असलं करून सगळं परत येऊ देणार? त्यो दुसरा काय तुझा सोयरा हाय? सोमवार लिव."

"आक्का, माझं लिखाण दुसरं कुणी वाचत न्हाय." शांतपणे म्हणाले. मनातलं असं 'समजा' न लावता बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"मला म्हाईत हाय. सोमवार लिव."

त्यांनी वरून लॅपटॉप आणला. माझ्यासमोर सातवी ओळ घातली, शून्य घातलं, खाली पट्टा तुटल्याचं लिहिलं. पाठवेपर्यंत मी उठले नाही. उठता येतही नव्हतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. स्वीकारलं. सरांनी खव्याचा कुंदा आणला, मल्लाप्पाला दिला, गल्लीत वाटला. मल्लाप्पानं मागाला हळदकुंकू लावलं, "सर, आमचे माग फॉरीनला गेले की ओ!" सगळे हसले. सरही हसले.

मी विचारलं, "दुसरा काय म्हणाला?"

या वेळी त्यांनी कागद छापून आणलाच नव्हता. मोबाइलवरच वाचून दाखवलं. एकच ओळ होती. "माझे आता काहीही प्रश्न नाहीत."

त्यानंतर सर संध्याकाळी यायचे, पिशवी घेऊन सरळ वर जायचे. भिंतीकडं बघायचे नाहीत. मी बघितलं, दाढी आठ दिवसांची झाली होती. चहा मागितला नाही. मल्लाप्पा म्हणाला, "आक्का, सरांचं काम झालं, आता भिंतीपाशी कशाला उभारतील?" मी म्हटलं, "तू माग बघ."

दहाव्या दिवशी मी वही काढली आणि जिन्याकडं गेले. अठरा पायऱ्या आहेत. पाचव्या पायरीवर मला स्वतःचाच राग आला, बाराव्या पायरीवर सरांचा. वर पोचले तेव्हा सर खाटेवर बसून नुसते समोर बघत होते.

"आक्का! वर कशाला आलासा? हाक मारायची."

मी दारातली खुर्ची ओढून बसले. आधी श्वास घेतला. मग वही उघडून त्या शून्यावर बोट ठेवलं.

"सोमवारी काय झालं?"

"तुमास्नी ठाऊक हाय की. तुमीच बसलासा."

"एक माग बंद व्हता, मान्य. पर चालू मागाचा ठोका दर दिवसापरीस येगळा पडत व्हता. मी तासभर दुसरं काय ऐकत न्हवते. एकटा माग येगळा का चालतोय, ते तुमच्या कागदात कुठं हाय? मला न्हाय पटलं."

सरांनी वही हातात घेतली. शून्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "वेगळा कशावरून?" म्हणाले.

"ते तुमी सांगायचं. मी इचारलंय."

ते उठले. कोनाड्यातला आरसा काढला, ब्रश काढला, तांब्यात पाणी घेतलं.

"बसा आक्का," म्हणाले. "जरा दाढी करून घेतो, मग सांगतो."

करा म्हटलं. मला तसंही लगेच खाली उतरता येणार नव्हतं.