पाच-चाळीसची सुई

सिद्रामअप्पांच्या उंबऱ्यावर चपलांबरोबर किल्ल्या, पेन, छत्री आणि मनगटी घड्याळही काढून ठेवावं लागे. बायकांना केसांतल्या पिनासुद्धा. "लोखंड भाईर, माणूस आत," अप्पा सांगत.

अप्पा मूळचे मंद्रूपचे. सोलापुरात एका शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं शिपाई होते. निवृत्त होताना शाळेने टाकून दिलेलं एक होकायंत्र त्यांनी मागून आणलं आणि त्यांच्या आणि शेजारच्या आमच्या घरामधल्या सामाईक भिंतीत, त्यांच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीत लाकडी बाज, पितळी स्टोव्ह आणि अ‍ॅल्युमिनियमची चार भांडी. भिंतीला खिळा म्हणून नव्हता.

"सुईला हात लावावा लागत न्हाय," ते म्हणत. "लोखंड निस्तं जवळ आलं तरी तिला कळतं."

एक दिवस आमची ही त्यांच्याकडून आली ती पदर अंगाभोवती ओढून. "अहो, कुणी आलं नसताना ती सुई वळली. अप्पा म्हणाले, आलं माणूस. आणि दोन कप चहा टाकला. रोज पाच-चाळीसला असंच होतं म्हणे."

गल्लीने ठरवून टाकलं, अप्पांची बायको येते.

मी मिलमध्ये टाइमकीपर. ऐकीव गोष्टीची मी नोंद करत नाही. एका शनिवारी रजा होती, तेव्हा साडेपाचला किल्ल्या, पेन आणि घड्याळ उंबऱ्यावर ठेवून अप्पांकडे जाऊन बसलो. बसल्या जागेवरून घड्याळ दिसत होतं. स्टुलावर दोन कप उपडे होते.

पाच-चाळीस झाले. सुई हलली नाही. अप्पा सुईकडे बघतही नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"आज वळायची न्हाय ती."

"का?"

"आलंय की माणूस."

मी रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. अप्पांनी शांतपणे स्टोव्ह पेटवला. पाच-बावन्नला सुई थरथरली आणि हळूहळू नऊ अंश वळून थांबली. दार-खिडकीत कुणी नव्हतं.

अप्पा पुटपुटले, "आँ? आता ह्ये कोण?"

मी चपला तिथेच टाकून घरी पळालो. आमच्या पडवीत मेहुणा माझी सायकल भिंतीला टेकवत होता. दुपारी अक्कलकोट रोडला जायला त्याने ती नेली होती. कोनाड्यामागे भिंत जेमतेम अर्ध्या विटेची, आणि सायकलचं हँडल बरोबर तिथेच.

मिलमधून येऊन मी रोज पाच-चाळीसला सायकल तिथेच लावत असे.

हिशोब जुळला, पण मी कुणाला बोललो नाही. म्हाताऱ्याच्या लेखी बायको रोज घरी येते आहे; ती सायकल होती हे सांगून मला काय मिळणार होतं? उलट त्या दिवसापासून मी वेळ कसोशीने पाळली. रविवारीसुद्धा पाच-चाळीसला सायकल लांब नेऊन पुन्हा भिंतीला लावू लागलो.

पुढे सायकल दोन दिवस दुरुस्तीला दुकानात पडली. पहिल्या संध्याकाळी हिचा तवा आणि लोखंडी खलबत्ता पिशवीत घालून मी हँडलच्या उंचीवर, स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवले. "माणसं वेडी व्हायला लागली की भांडी आधी जातात," ही म्हणाली.

सकाळी नळावर अप्पा भेटले. "टाइमकीपर, काल सुई लई वळली. सायकल जाड झाली व्हय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"बत्तीस वर्सं लोहचुंबकं पुसली मी. सायकल कळंना व्हय?"

"मग ते माणूस म्हणजे..."

"तुमीच की. सुई वळली की वाटायचं, पल्याड माणूस आलंय, यील चहाला." त्यांनी बादली उचलली. "एकदा आलात, ते बी उकळी यायच्या आत पळालात."

त्या संध्याकाळी सायकल दुकानातच होती. पाच-चाळीसला मी त्यांच्या उंबऱ्यावर किल्ल्या, पेन आणि घड्याळ काढून ठेवलं.

सुई जागची हलली नव्हती. स्टोव्ह मात्र पेटलेला होता.