वळणावरचे साठ

"हळू हाक रे गड्या, वाट कुठं पळते,
चेरी झाडावर एकदाच पिकते."

ही हाक हार्म टीत्येनच्या कानावर पडली तेव्हा तो विशीत होता, बुडाखाली मोपेड होती, आणि रस्त्याच्या कडेला चेरींच्या टोपल्यांमागे गेर्लिंडे उभी होती. सुट्टीला आत्याकडे आलेली, ओठ चेरीनं रंगलेले. हार्म थांबला नाही. भुर्रकन वळणापलीकडे दिसेनासा झाला. सुट्टी संपली, गेर्लिंडे ब्रेमेन शहरात परतली, तिचं लग्न झालं, याचंही झालं. पुढं तिचा नवरा गेला, याची बायको गेली, शेवटी आत्याही गेली. आणि आत्याच्या गवती छपराच्या घरात कॉफीचं दुकान मांडायला गेर्लिंडे पुन्हा ओल्डनहोर्न गावी आली, ती थेट हार्मच्या समोरच्या घरात. माणसं अशी जात-येत राहिली. हाक मात्र हार्मच्या कानातून हलली नव्हती.

दुकान छान होतं. खिडकीतून एल्ब नदीचा बांध दिसे आणि बांधावरून जहाजांची नुसती डोकी सरकताना दिसत. गेर्लिंडेचा चेरीचा केक खाऊन वीब्के, म्हणजे पलीकडच्या सफरचंदाच्या बागेची मालकीण, एकदा चक्क गप्प बसली होती. अडचण एकच होती, दाराशीच वाहणारी. बांधाला बिलगून जाणाऱ्या त्या राज्यमार्गावर, गावाबाहेरच्या या वळणाशी, ताशी शंभरची मुभा होती. 'कॉफी' ही पाटी वाचून मनात इच्छा उमटेपर्यंत माणूस पुढच्या गावात, ग्रोनडाइकमध्ये, पोचलेला असे. आणि कॉफीसाठी उलटं फिरणं हे त्या मुलखात वेंधळेपणाचं लक्षण.

"सफरचंदं उतरली की दुकान बंद," गेर्लिंडेनं वसंतातच सांगून टाकलं. "ब्रेमेनला बहिणीकडे जाते. तिथं निदान माणसं पायी चालतात."

हार्मनं केकचा तुकडा तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावत राहिला.

त्याच महिन्यात तिची साठी होती. म्हणजे गावाच्या हिशेबानं. मधे काही वर्षं ती सत्तावन्नातच मुक्कामाला होती, पण वाढदिवस हा ज्याचा त्याचा मामला. त्या भागात रीत अशी, की कुणाला पन्नास, साठ, सत्तर लागले की शेजाऱ्यानं घरापुढं वेगमर्यादेसारखी गोल पाटी लावायची: पांढरी, लाल काठाची, मध्ये वयाचा आकडा, खाली नाव. प्लायवूडचा तुकडा, घरातला उरलेला रंग, कागदाची फुलं. दोन दिवस हसायचं आणि पाटी कोठीत टाकायची. हा मान समोरच्या घराचा. समोरचं घर हार्मचं.

पण हार्मचा जन्म सरकारी रस्ते दुरुस्त करण्यात आणि पाट्या रोवण्यात गेलेला. प्लायवूडला हात लावायची त्याला लाज वाटली. त्यानं पत्रा आणला, रात्री चमकणारा कागद चढवला, काठ सूतभरही इकडंतिकडं होऊ दिला नाही. खांब पक्का, उंची नियमातली. एकाच बाजूला पाटी लावणं त्याच्या मनाला पटेना. दोन्हीकडून येणाऱ्यांना वाढदिवस सारखाच कळायला हवा, म्हणून दोन केल्या. खाली स्क्रूनं बसवलेल्या दोन पट्ट्या: 'आमची गेर्लिंडे'. वाढदिवसाच्या पहाटे, धुकं असतानाच, त्यानं सगळं उभं केलं.

गेर्लिंडेनं दार उघडलं तेव्हा वळणाच्या दोन्ही टोकांना नुसते साठ उभे होते. खालच्या पट्ट्या नव्हत्या. पहाटेपासून एल्बवरून वारा सुटला होता.

दिवसभर तिनं दाराबाहेर कागदी फुलांची पाटी शोधली. आकडा चारचौघांत लटकणार या धास्तीनं आठवडाभर झोप नव्हती. आता तो लटकला नाही, तर तेच तिला लागलं. संध्याकाळी केक घ्यायला आलेल्या वीब्केनं तिथंच बसलेल्या हार्मला गाठलं.

"काय रे, गेर्लिंडेची पाटी कुठंय?"

"राहून गेलं," हार्म म्हणाला.

"राहून गेलं? साठी तिची आणि बुद्धी नाठी तुझी. अरे, सरकारला आठवलं, बघ तिकडं, नेमके आजच साठ ठोकलेत. आणि तू समोर राहून..."

"राहू दे गं वीब्के," गेर्लिंडे म्हणाली. "मला नकोच होती." आणि तिनं हार्मपुढं कॉफी ठेवली. नुसती कॉफी. केकची बशी त्या दिवसापासून त्याच्या टेबलापर्यंत यायची थांबली.

हार्म खोटं बोलत नाही, हे गावाला ठाऊक होतं. म्हणून त्या सरकारी थाटाच्या पाट्यांचा संशय कुणालाच आला नाही.

आणि गाड्या? गाड्या हळू झाल्या. पाटी म्हणजे पाटी. का, कशाला, असं पाटीला विचारायचं नसतं. आधी ब्रेक दाबायचा, मग नवल करायचं. साठच्या वेगात माणसाला 'कॉफी' वाचता येते, बशीतल्या चेरी दिसतात, आणि वर कुतूहल उरतं. लोक आत यायला लागले.

"बाई, इथं साठ का हो?"

"मला काय माहीत?" गेर्लिंडे खरं तेच सांगे. "बसा ना. काय घेणार?"

बसलेल्यांनी आपापसांत कारणं शोधली. एक म्हणाला, बेडूक रस्ता ओलांडतात. दुसरा म्हणाला, बेडकांचा हंगाम संपला, बांधाखाली बीव्हर पोखरतायत. एका जाड आजोबांनी युद्धातल्या न फुटलेल्या बॉम्बची शक्यता मांडली आणि खुर्ची भिंतीपासून लांब ओढली. वीब्केची बातमी ठाम होती: कुणा मंत्र्याची सासू गुपचूप ओल्डनहोर्नात राहायला आली आहे.

"कोण पण? आम्ही सगळ्यांना ओळखतो."

"म्हणून तर गुपचूप."

पुढच्या रविवारी ते सगळे आपापली बायकामुलं घेऊन आले, काही कळलं का ते विचारायला. उत्तर माहीत नसणं हा गेर्लिंडेच्या दुकानातला सगळ्यांत खपणारा पदार्थ झाला. अंगणात बाकं आली, मग बाकं कमी पडली. हार्म रोज कोपऱ्यात बसून कोरडी कॉफी पीत होता, आणि शेजारच्या टेबलावर जाणाऱ्या केककडे, आपला नव्हेच तो, अशा नजरेनं बघत होता. सांगावं, तर पाट्या जातील आणि पाट्यांमागून दुकान. न सांगावं, तर ही जन्मभर समजणार, याला माझा वाढदिवससुद्धा आठवला नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून तो तिसरी कॉफी मागवी.

मग गस्तीचे पोलीस आले. तेही आधी साठवर आले, मग त्यांना नवल वाटलं, मग ते वीब्केच्या कुंपणाआड वेग मोजायचं यंत्र मांडून बसले. दुपारी केक खायचे, संध्याकाळपर्यंत दंड करायचे. इथवरही निभलं असतं. पण दंड झालेल्यांत मोटार शिकवणारे एक मास्तर निघाले. त्यांनी आयुष्यात कधी मर्यादा ओलांडली नव्हती, आणि या रस्त्याच्या सगळ्या मर्यादा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी जिल्हा कचेरीला विचारलं: हे साठ कुणाच्या हुकमानं? त्याच दिवशी ग्रोनडाइकच्या गावकऱ्यांचाही अर्ज पोचला: ओल्डनहोर्नला साठ मिळतात, तर आम्ही काय पाप केलंय?

कचेरीनं कपाटं उघडली. ओल्डनहोर्नला साठ नव्हतेच.

शनिवारी दुपारी, दुकान भरलेलं असताना, कचेरीतले ब्रांडहोर्स्ट आले. उंच, काटकुळे, पुढं वाकून ऐकणारे. साठच्याच वेगानं आले. दोन्ही पाट्या पुढून-मागून निरखून त्यांनी दारातली खुर्ची घेतली.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे इतकं सुरेख होत नाही, तिथंच शंका आली. पण सरकारी पाटी सरकारशिवाय कुणी लावली तर तो गुन्हा असतो. कुणी लावलीय?"

बॉम्बवाले आजोबा घास धरून थांबले. मंत्र्याच्या सासूला आता अर्थ उरणार नाही, हे वीब्केच्या ध्यानात आलं.

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. "मी लावली," हार्म म्हणाला. "गुन्हा नाही तो. वाढदिवस आहे. गेर्लिंडेची साठी."

गेर्लिंडेच्या हातात किटली होती. ती तशीच हवेत राहिली.

"तू तर म्हणालास राहून गेलं," वीब्के म्हणाली.

"नाव राहून गेलं. पाटी लावली होती."

ब्रांडहोर्स्टांचा चेहरा सैल झाला. "असं होय. मग रीतच आहे ती, आमच्या मेव्हण्यालाही लावली होती. काढून टाका म्हणजे झालं. फक्त बाई, तुमचं ओळखपत्र दाखवा. साठ जुळले की मी निघालो."

गेर्लिंडेनं किटली ठेवली. "दाखवायलाच हवं?"

"जुळलं नाही, तर ती वाढदिवसाची पाटी राहत नाही. मग या गृहस्थांवर खटला येईल."

वीब्के खुर्चीसकट पुढं सरकली. गेर्लिंडेनं एकदा दरवाज्याकडे पाहिलं, एकदा हार्मकडे, आणि गल्ल्यामागच्या पर्समधून ओळखपत्र काढून दिलं. ब्रांडहोर्स्टांनी मनात वजाबाकी केली. पुन्हा केली.

"बाई, हे त्रेसष्ट होतात."

"त्रेसष्ट?" वीब्के म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं.

"हो, त्रेसष्ट," गेर्लिंडे म्हणाली. कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. "लिहा आणि त्याला सोडा."

"तसं सोडता येत नाही. आकडा चुकला की..."

"चुकला नाही," हार्म म्हणाला. "मला त्रेसष्ट ठाऊक होते. पण गावात ती साठ सांगते. साहेब, बाईच्या वाढदिवसाची पाटी बाईच्या सांगण्यावरून रंगवायची, की तुमच्या कपाटातल्या कागदावरून?"

ब्रांडहोर्स्टांनी या मुद्द्यावर कॉफी मागवली. ती संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग त्यांनी वहीत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं: "वाढदिवसाची पाटी. वय बाईंच्या सांगण्याप्रमाणे." दंड झालेल्यांचं पोलिसांनी आपलं आपण निस्तरावं, असंही ते म्हणाले. मग अंगणातल्या गाड्यांची गर्दी न्याहाळून पुढं बोलले, "इतक्या गाड्या वळतायत म्हटल्यावर इथं खरीच मर्यादा लागेल. मी मांडतो तसं. सत्तर बसतील."

"सत्तर?" गेर्लिंडे म्हणाली. "मी इतकीही मोठी नाही हो."

"साठ नियमात बसत नाहीत, बाई." ते उठले, दारापर्यंत गेले आणि मान वाकवून परत वळले. "एक सहज विचारतो. नावाच्या पट्ट्यांचं काय झालं?"

"वारा सुटला होता त्या दिवशी," वीब्के म्हणाली. "एल्बवरून."

"स्क्रूंची भोकं पाहिली मी. एकही ओरखडा नाही. वारा स्क्रू फिरवून काढत नाही." त्यांनी हार्मकडे पाहिलं, आणि उत्तर न घेताच गेले. सरकारी माणसाकडून एवढी माया गावानं प्रथमच पाहिली.

संध्याकाळी अंगण रिकामं झालं. हार्म अजून कोपऱ्यात होता. गेर्लिंडेनं खुर्च्या उलट्या करून ठेवल्या, त्याची तेवढी ठेवली. मग चेरीच्या केकचा मोठा तुकडा त्याच्यापुढं ठेवून ती समोर बसली.

"वारा?" तिनं विचारलं.

"नाही. मी काढल्या."

"का पण? माझं नाव इतकं वाईट होतं का?"

"पाटी लावून मी चेरीच्या झाडाखाली उभा होतो. पहिली गाडी आली, साठ बघून हळू झाली. आतल्या बाईनं तुझं दुकान बघितलं, उतरून बंद दारावर टकटक केली आणि गेली. तेव्हा मला वाटलं, नाव ठेवलं तर लोक हसतील आणि पुढं जातील. नाव काढलं तर थांबतील." त्यानं खिशातून एक छोटी पुडी काढून टेबलावर ठेवली. आत स्क्रू होते. "आणि तू ब्रेमेनला जाणार होतीस."

बांधावरून एका जहाजाचं डोकं सावकाश सरकत गेलं. गेर्लिंडेनं पुडीतला एक स्क्रू उचलून बघितला.

"लोकांनी थांबावं म्हणून एवढा खटाटोप," ती म्हणाली. "आणि स्वतः? चेरीच्या टोपल्यांपाशी उभी राहून मी घसा फोडत होते, हळू हाक रे गड्या म्हणून. तू ढुंकून तरी बघितलंस का? काय तो तोरा. मला वाटलं, या पोराला आपण आवडलोच नाही. दुसऱ्या दिवसापासून तू त्या रस्त्यानं यायचाच बंद झालास."

हार्मनं काटा खाली ठेवला. सरकारी रस्त्यांवर जन्म काढलेल्या माणसाची मान पार छातीला टेकली.

"यायला पाय कुठं धड होता? वळणापलीकडं पीटर्सच्या नाल्यात पडलो होतो," तो म्हणाला. "मला थांबायचंच होतं गं, गेर्लिंडे. मोपेडचे ब्रेक लागत नव्हते."