दोन मेल आणि दाराची एक किल्ली

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील, त्या पोटात घाला. शाळा लवकर सुटली (म्हणजे मीच सोडली) आणि पुढे हातात पेनापेक्षा कानसच जास्त राहिली. शब्दही साधे आहेत, घरात बोलतो तेच. आणखी एक. 'मी मी' करत लिहायची मला लाज वाटते, म्हणून या गोष्टीतल्या माणसाला मी 'तो' म्हणणार आहे. तो चावीवाला आहे. ओळख पटली तर पटू द्या, पण तोंडावर बोलून दाखवू नका.

तर तो. दवाखान्याच्या भिंतीला टेकून त्याची टपरी. किल्ल्या कापायचं मशीन, कोऱ्या किल्ल्यांचा फळा आणि एक स्टूल. रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, दुसऱ्या चावीवाल्याची टपरी. त्याला तो 'समोरचा' म्हणतो. समोरच्याकडे स्टुलाऐवजी खुर्ची आहे, आणि एवढ्या कारणावरून दोघं बोलत नाहीत.

एके दिवशी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई किल्ली करून घ्यायला त्याच्याकडे आल्या. किल्ली हातात घेऊन त्यांनी ती उन्हात धरली, खाचा निरखल्या आणि म्हणाल्या, "काम स्वच्छ आहे. आमच्या सगळ्या खोल्यांची कुलपं बदलायची आहेत. तुमचा मेल द्या, आमच्याकडे सगळं लेखी लागतं."

एकेक किल्ली कापून पोट भरणाऱ्या माणसाला सगळ्या खोल्या म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण मेल?

मेल त्याच्या घरात एकच होता आणि तो साडूभाऊंचा होता. गॅसचं काही असो, बँकेचं असो, सगळीकडे साडूभाऊंचा पत्ता. ते ऑफिसात कामाला. आधी ते वाचणार, मग संध्याकाळी फोन करून सांगणार, आणि सांगताना पदरचं थोडं घालणार. मागे बायकोच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, तर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. पण तू तळलेलं कमी कर." रिपोर्ट बायकोचा, तळलेलं बंद याचं.

"उद्या देतो," तो रेक्टरबाईंना म्हणाला. "माझा स्वतःचा."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "मी स्वतःचा मेल काढतोय."

"भाऊजींचा आहे की."

"त्यांचा त्यांना असू दे. मी अख्ख्या गावाची दारं उघडतो आणि माझी पत्रं दुसऱ्याने उघडायची?"

"त्यांना काय सांगू?"

"सांग, तळलेलं खायला सुरुवात केलीय."

मग त्याने फोनवर फुकटातले मेल धुंडाळायला घेतले. कुलूप घेताना गिऱ्हाईक जसं हलवून, ओढून बघतं तसा तो एकेक बघत होता. एका कंपनीचा मेल उघडला तर पत्रांच्या वर, खाली आणि मधे बुटांच्या जाहिराती. दुसरीत त्याला हवा तो पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला होता. मागे आकडे लावून पाहा, असं ती म्हणाली. (म्हणजे तुमच्यासारखे बरेच आहेत, हे गोड शब्दांत.) तिसरीने फोन नंबर मागितला.

"द्या ना," बायको म्हणाली.

"का देऊ? किल्ली हरवली तर नवी देतो म्हणून कुणी तुझ्या घराचा पत्ता विचारला तर देशील?"

"मेल फुकट देतायत. त्यांना काहीतरी नको का?"

"तेच तर. फुकट देणाऱ्याला नंबर कशाला?"

चौथी कंपनी त्याला पसंत पडली. तिला नंबर नको होता. फक्त, पासवर्ड विसरलात तर खुणेचा आकडा कुठे पाठवू, असं विचारून ती दुसरा एखादा मेलचा पत्ता मागत होती.

"इथे भाऊजींचा टाका," बायको म्हणाली.

"म्हणजे पुन्हा किल्ली त्यांच्याकडेच."

"मग ताईचा टाका."

"ताईचा मेल कोण वाचतं?"

ताईचा मेलही भाऊजीच वाचतात.

तेव्हा त्याने असं डोकं लढवलं की स्वतःवरच खूश झाला. पाचव्या एका कंपनीत त्याने दुसरा मेल काढला. पहिल्याची राखण दुसऱ्याकडे, दुसऱ्याची पहिल्याकडे. मधे साडू नाही, फोन नाही, कुणाचं मिंधेपण नाही.

पासवर्ड तर त्याहून भारी. चावीवाल्याला किल्ली दिसत नाही, आकडे दिसतात. प्रत्येक खाच किती खोल, त्याला एक आकडा. घराच्या दाराची किल्ली त्याने डोळ्यांसमोर धरली, मुठीकडून टोकाकडे वाचली आणि पहिल्या मेलला तो पासवर्ड दिला. तीच टोकाकडून मुठीकडे वाचली, तो दुसऱ्याला. कंपन्यांना एक अक्षरही हवं होतं, म्हणून बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर लावलं. आकडे त्याने मुद्दाम पाठ केले नाहीत, कुठे लिहिलेही नाहीत. टपरी बंद करताना कुलूप लावतात तसा मेल वाचून झाला की तो बंद करून बाहेर यायचा, आणि परत आत जायचं असलं की खिशातून किल्ली काढून वाचायचा.

"डोक्यात काहीच ठेवायला लागत नाही," त्याने बायकोला सांगितलं.

"ते तुम्हाला जमेल," ती म्हणाली.

पत्ता रेक्टरबाईंकडे गेला. तो रोज सकाळ-संध्याकाळ किल्ली वाचून दोन्ही मेल बघायचा. पहिल्यात कंपनीचं स्वागत होतं, दुसऱ्यात दुसऱ्या कंपनीचं. तरी बरं वाटायचं. आपल्याला आलेलं आपण पहिल्यांदा वाचतोय, एवढंसुद्धा पुष्कळ होतं.

मग एका दुपारी रेक्टरबाईंचा फोन आला. "मेल केलाय. उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तुमच्या समोरच बसतात ना एक?"

त्याने टपरी भराभरा आवरली आणि घर गाठलं. मेल वाचायचा तर घरी बसून, चहा घेत, बायकोसमोर वाचायचा, असं त्याने ठरवलं होतं. दाराशी उभं राहून खिशातली किल्ली कुलपात घातली. शिरेना. नेहमीसारखा गुडघा लावून दार रेटलं. गुडघाच दुखावला.

आतून बायकोने दार उघडलं. दार लोण्यासारखं उघडलं.

"कुलूप बदललं," ती म्हणाली. "वर्षभर सांगतेय, अडकतंय, अडकतंय. तुमचं आपलं उद्या. आज भाजी घेऊन आले आणि अर्धा तास बाहेर उभी. शेवटी समोरच्यांना बोलावलं."

"समोरच्याला? माझ्या घरी?"

"तुम्हाला फोन केला होता. 'गिऱ्हाईक आहे, नंतर' म्हणालात. त्यांनी जादा किल्लीसुद्धा कापून दिली. आपल्याकडे जादा किल्ली कधी होती का?"

त्याने मनातला राग गिळला आणि खिशातली जुनी किल्ली काढली. दार राहू दे, मेल तरी उघडू. डोळ्यांसमोर धरून वाचायला लागला आणि मधेच थांबला. दोन खाचा भलत्याच वाटल्या. त्याने किल्ली उलटसुलट केली. ही दाराची नव्हती. सकाळी घाईत त्याने टपरीच्या गल्ल्याची किल्ली खिशात टाकली होती.

"दाराची किल्ली कुठेय?"

"खुंटीवर राहिली होती तुमची. ती आणि माझी, दोन्ही समोरच्यांना दिल्या. जुनं कुलूप घेऊन गेले, त्याबरोबर."

त्याने फोन घेतला. आठवेल तसे आकडे घातले. नाही. अंदाजाने फिरवून घातले. नाही. शेवटी 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं. कंपनी अदबीने म्हणाली, खुणेचा आकडा तुमच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवला आहे. दुसरा मेल उघडायला गेला. तोही उघडेना. तिथेही विसरलो म्हणून सांगितलं. दुसरी कंपनी म्हणाली, खुणेचा आकडा तुमच्या पहिल्या पत्त्यावर पाठवला आहे.

दोन्ही आकडे आले होते. दोन्ही आत होते. तो तेवढा बाहेर होता.

त्याला आठवलं, असं एक गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं होतं. कपाटाची किल्ली पेटीत आणि पेटीची किल्ली कपाटात. त्या गिऱ्हाइकाला तो इतका हसला होता की बिचारा समोरच्याकडे गेला.

"बाईंना फोन करा," बायको म्हणाली. "म्हणावं, मेल परत पाठवा, भाऊजींच्या पत्त्यावर."

"कुलपाचं काम मागायचं आणि सांगायचं की मला माझंच उघडत नाही?"

"मग समोरच्यांकडे जा."

"मेलो तरी जाणार नाही."

"मग काम त्यांना जाईल."

"जाऊ दे. पण मी रस्ता ओलांडणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे भजी ठेवली. तळलेली. त्याने ती सगळी संपवली. बायको वाद न घालता भजी करते तेव्हा तिने ठरवलेलं असतं की नवऱ्याने काय करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टपरी उघडली नाही. सरळ रस्ता ओलांडला.

"माझ्या घरची जुनी किल्ली तुमच्याकडे आहे," तो म्हणाला.

"आहे. कुलूपही आहे," समोरचा म्हणाला. "त्याची दशा बघून मला वाटलं, हे काही चावीवाल्याचं घर नसणार. वहिनींना दोनदा विचारलं."

"किल्ली हवी होती."

"कुलूप नको?"

"नको."

"कुलूप सोडून नुसती किल्ली? कशाला?"

खोटं सांगायला त्याला वेळ होता, पण सुचलं नाही. त्याने सगळं सांगितलं. समोरचा हसला असता तर बरं झालं असतं. त्याने हसण्याऐवजी खुर्ची पुढे केली.

जुन्या किल्ल्यांच्या जुडग्यातून त्याने आपली किल्ली लांबूनच ओळखली. वाचली. मेल उघडला. रेक्टरबाईंनी लिहिलं होतं: 'नमुना म्हणून तुमच्या स्वतःच्या घराच्या दाराला तुम्ही बसवलेल्या कुलपाचा फोटो पाठवावा. माणूस स्वतःच्या घराला काय बसवतो, ते बघून मी काम देते.'

समोरचा खांद्यावरून वाचत होता. "पाठवा की. फोटो चांगला येईल. मी कालच पुसून दिलंय."

त्याला क्षणभर मोह झाला. फोटोत कुलूप दिसतं, बसवणारा दिसत नाही. पण साडूभाऊंशी, नंबर मागणाऱ्या कंपनीशी आणि बायकोशी जो ताठपणा केला, तो काय फोटोपुरता सोडायचा? त्याने एका बोटाने उत्तर लिहिलं: 'माझ्या घराचं कुलूप समोरच्यांनी बसवलं आहे. मला घरासाठी वेळ नव्हता. तुमच्यासाठी काढीन.' आणि पाठवून दिलं. समोरच्याने ते वाचलं आणि फळ्यावरच्या किल्ल्या उगाच नीट करायला लागला.

थोड्या वेळात उत्तर आलं: 'खरं सांगितलंत, बरं वाटलं. समोरच्यांचा मेलचा पत्ता कळवा.'

त्याने फोन समोरच्यापुढे धरला.

"माझा मेल नाही," समोरचा म्हणाला. "तुमचाच कळवा. काम दोघं मिळून करू. पत्रं तुम्ही वाचायची."

"माझ्या पत्त्यावर मी दुसऱ्याची पत्रं येऊ देत नाही," तो म्हणाला. एवढं सगळं होऊनही मान ताठच होती. "तुमचा वेगळा काढून देतो."

आणि समोरच्याच्या खुर्चीत बसून त्याने त्याच चौथ्या कंपनीत समोरच्यासाठी मेल काढला. राखणीला स्वतःचा पत्ता दिला. पासवर्डपाशी येऊन विचारलं, "कुठली किल्ली घेऊ? अशी सांगा, जी तुमच्याकडून हरवणार नाही."

समोरच्याने विचार केला. "तुमच्या दाराची नवी घ्या. कालच कापलीय, आकडे पाठ आहेत माझे."

त्याने तिचेच आकडे पासवर्डला दिले. म्हणून हल्ली घराचं कुलूप बदलायचं झालं तर मला आधी समोरच्याची परवानगी घ्यावी लागते. (मला म्हणजे त्याला.)